सात नंबरच्या गाडीचं गळणं

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता आणि घरी धाकटी भावंडं सांभाळायला मी लागत होते. इथल्या मंडळातल्या एक ताई दिवाळी अंकासाठी म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल लिहा ना, वेगळं काम आहे तुमचं." मी त्यांना नको म्हटलं. घरी येताना मात्र दुकानातून एक वही घेतली. ती अंकाला द्यायची की कपाटात ठेवायची, हे अजून ठरलेलं नाही.

जर्मनीत बॉबलिंगेन गावाच्या बाहेर, शेतं सुरू होतात तिथे एक मोठं आवार आहे. तिथे मी सात वर्षं वोनमोबिल धुतल्या. वोनमोबिल म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, न्हाणी, सगळं असतं. लोक ती आठवड्याच्या भाड्याने घेतात, समुद्राकडे नाहीतर डोंगराकडे जातात, आणि परत आणून देतात. परत आल्यावर गाडी माझ्या ताब्यात. पुढचं गिऱ्हाईक यायच्या आत ती अशी करायची, की आत कधी कोणी झोपलंच नव्हतं असं वाटलं पाहिजे.

मला हे काम मिळालं आमच्या ह्यांच्यामुळे. हे इथल्या एका भारतीय हॉटेलात आचारी. मी त्यांच्यामागून दोन वर्षांनी आले, जर्मनची परीक्षा तिसऱ्या खेपेला पास होऊन. आवाराचे मालक त्या हॉटेलात जेवायला यायचे. त्यांना सगळे शेफ म्हणत, शेफ म्हणजे साहेब. त्यांना न बोलता काम करणारं माणूस हवं होतं. ह्यांनी सांगितलं, "आमची ही तशीच आहे."

खरंच तशीच होते. गाडीत शिरून दार ओढून घेतलं, की बाहेरचं जग दूर जायचं. खिडकीच्या जाळीतून ऊन गाळून यायचं आणि भिंतीवर हलत राहायचं. गादी उचलली की खाली वाळू. कुठली पांढरी, कुठली काळसर, कुठली शिंपल्यांच्या चुऱ्याची. मी इटलीचा समुद्र पाहिलेला नाही, पण त्याची वाळू ब्रशने किती वेळा गोळा केली असेल त्याचा हिशेब नाही. कधी कधी पाच मिनिटं वरच्या पलंगावर आडवी व्हायचे. छत नाकाच्या अगदी जवळ. डोळे मिटले की गाडी चालायला लागायची. उभ्या गाडीतच मी कुठे कुठे जाऊन यायचे आणि मग उठून न्हाणी घासायचे.

एक म्हातारे गृहस्थ दर सप्टेंबरात एकटेच गाडी नेत. परत आणत तेव्हा आत काहीच मळलेलं नसे. दोन पलंगांवर दोन चादरी मात्र अंथरलेल्या असत आणि दोन्हींवर सुरकुत्या. मी दोन्ही धुवायचे. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला नवल नाही वाटत?" मी म्हटलं, "नाही." ते "दांके", म्हणजे आभार, म्हणाले आणि गेले. आमचं एवढंच बोलणं झालं.

आता गळतीबद्दल सांगते, कारण सांगायचं आहे ते तिथेच आहे.

या गाड्यांच्या छपरावर थंड हवेचं यंत्र बसवलेलं असतं, त्याला सगळे क्लीमा म्हणतात. छपराला हातभर चौकोनी भोक, त्यावर रबराची जाड पट्टी, त्यावर यंत्र. गळायला लागलं की मालकापुढे प्रश्न येतो, दुरुस्त करायचं की नवं बसवायचं. योर्ग नावाचे मेकॅनिक यायचे, त्यांच्याकडे बघून बघून मला तीन गोष्टी कळल्या. पावसात किंवा धुताना गळत असेल, तर रबर दबलं आहे. ते बदलायचं, खर्च थोडा. यंत्र चालू असतानाच गळत असेल, तर थंड हवेतून जे पाणी सुटतं त्याची बाहेर जायची वाट बुजली आहे. ती साफ करायची, खर्च त्याहून थोडा. पण आतला वायूच निघून गेला असेल आणि नळ्यांवर तेलाचा ओघळ दिसत असेल, तर हात लावू नये. ते यंत्र कारखान्यातच बंद करून येतं. उघडून पुन्हा भरायला जो खर्च येतो, त्यात नवं येतं. यंत्र जुनं असेल तर मेकॅनिकला हे तिन्ही बघायचा कंटाळा येतो. तो नवं घ्या म्हणतो.

२०१५ चा उन्हाळा इथे फार तापला. सात नंबरची गाडी आवारातली सगळ्यात जुनी होती. तिचं क्लीमा तेरा वर्षांचं. ती जुलैत एका मराठी कुटुंबाने नेली. नितीन आणि केतकी, सिंडेलफिंगेनकडचे इंजिनियर नवरा-बायको, आणि पुण्याहून आलेल्या नितीनच्या आई. निघताना त्या काकूंनी गाडीच्या पुढच्या चाकाला कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या आणि हात जोडले. शेफ ऑफिसच्या दारातून हसून बघत होते. मी बादली घेऊन आठ नंबरच्या मागे उभी होते. मराठी ऐकून बादली खाली ठेवली. पण रबरी मोजे, ओला झगा, अशा अवतारात पुढे होऊन "मीही तिकडचीच" म्हणायचं धैर्य झालं नाही.

दहा दिवसांनी ते परत आले. चौथ्या दिवसापासून क्लीमा लावलं की छतातून पाणी पडत होतं, तेही काकूंच्या गादीवर. छताची फळी फुगून खाली आली होती. शेफ शिडीवर चढले. यंत्राच्या झाकणावर एक लांब ओरखडा दिसला. "झाडाखालून नेली असणार," ते म्हणाले. गाडी देताना हजार युरो ठेवून घेतलेले असतात, त्याला काउत्सिओन म्हणतात. नुकसान नसेल तर ते परत मिळतात. शेफनी ते अडकवून ठेवले.

योर्ग आले. खालून चार बोल्ट हलवून पाहिले, छत दाबून पाहिलं. "तेरा वर्षं झाली," ते म्हणाले. "हे बघा, मी तुमच्या जागी असतो तर नवं घातलं असतं. दोन हजार जातील, पण डोकेदुखी जाईल."

शेफनी मान हलवली. नवं मागवायला फोन काढला. मी त्यांच्या पायाशी चटई झटकत होते. सात वर्षांत आपण होऊन बोलले त्यातली ही पहिली वेळ.

"शेफ, रबर चांगलं आहे."

दोघांनी खाली पाहिलं.

"मी दर शनिवारी वरून पाइपने पाणी मारते. आत थेंब नाही येत. क्लीमा लावलं तरच येतो. आणि हवा गार आहे अजून. नवं नको. उघडून बघा."

योर्ग जरा रागावले. "तू आता माझं काम शिकवणार?"

"उघड," शेफ त्यांना म्हणाले. "उघडायला पैसे पडत नाहीत."

योर्ग चढले, झाकण काढलं आणि तिथूनच म्हणाले, "हो, ती म्हणते ते बरोबर आहे. वाट बुजली आहे." मला इतका आनंद झाला की कानांत गरम वाटलं. शेफचे दोन हजार वाचले होते, माझ्या शब्दावर. मग योर्गनी वरून मूठभर काळा चिखल पत्र्यावर टाकला. त्यात काळे पडलेले तांदळाचे दाणे होते, सुताचा लांब दोरा होता, आणि दोऱ्याला चिकटून झेंडूच्या देठांच्या हिरवट गाठी.

तो दोरा मीच ओवला होता.

आदल्या वर्षी दसरा नेमका इथल्या सुट्टीच्या दिवशी आला होता. आवार बंद. आदल्या दिवशी गाड्या अर्ध्या धुऊन राहिल्या होत्या म्हणून किल्ली माझ्याकडे होती. ह्यांच्या हॉटेलाबाहेरच्या कुंड्यांत झेंडू होता, हिवाळा येणार म्हणून तो उपटून टाकणार होते. मी सगळी फुलं आणली आणि हार ओवला. गावी दसऱ्याला आम्ही विळा, कोयता, सायकल, सगळ्याची पूजा करायचो. मला वाटलं, सहा महिने या गाड्यांनी आपल्याला पोसलं, त्यातल्या निदान थोरलीची तरी करावी. समोर बांधला असता तर दुसऱ्या दिवशी शेफनी विचारलं असतं, हे काय, आणि मला सांगता आलं नसतं. म्हणून शिडी लावून वर चढले. कोणाला दिसणार नाही तिथे, क्लीमाच्या झाकणाला हळद-कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. हार वाऱ्याने उडू नये म्हणून मागच्या जाळीत खोचला. वरून सगळं आवार दिसत होतं. पांढरी छपरं ओळीने झोपल्यासारखी, पलीकडे नांगरलेलं रान, आणि धुकं हळूहळू वर सरकत होतं. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. परक्या देशात मला घरी असल्यासारखं पहिल्यांदा वाटलं, ते त्या छपरावर.

दोन दिवसांत गाड्या हिवाळ्यासाठी शेडमध्ये गेल्या. वसंतात वर पाहिलं तर हार नव्हता. मला वाटलं, पाखरांनी नेला. तो आत पडून कुजला होता आणि अक्षता फुगून पाण्याच्या वाटेत बसल्या होत्या.

शेफनी तो दोरा दोन बोटांत धरला. "फुलं, तांदूळ, लाल रंग," ते म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या म्हाताऱ्या बाई करत होत्या."

योर्ग म्हणाले, "दहा दिवसांत एवढं कुजतं?"

"उन्हात कुजतं," शेफ म्हणाले आणि ऑफिसात गेले.

हात पुसता पुसता योर्गनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मी चटई झटकत राहिले. त्या चटईत धूळ उरली नव्हती.

शनिवारी ते कुटुंब पैसे घ्यायला आलं. शेफनी फोटो दाखवले आणि सांगितलं की छताची फळी, गादी आणि मेकॅनिक मिळून चारशे युरो कापणार, सहाशे देणार. नितीन बरंच बोलले, पण फोटोत तांदूळ दिसत होते. शेवटी तिघं बाहेर आले आणि माझ्यापासून दहा पावलांवर उभे राहिले. ही बाई आपलं बोलणं समजतेय हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

"आई, मी तुला हजारदा सांगितलं होतं, हे सगळं इथे नको."

"अरे, मी चाकाला लावलं. खालच्या चाकाला. तू उभा होतास ना तिथे?"

"मग वर काय आपोआप गेलं? त्या पार्किंगला आम्ही कॉफी आणायला गेलो होतो तेव्हा चढली असशील."

"मी? या गुडघ्यांनी?"

केतकी म्हणाली, "अहो, जाऊ दे ना आता. चारशेच आहेत."

"चारशेचा प्रश्न नाही गं. तो माणूस माझ्याकडे कसा बघत होता! उद्या ऑफिसात कळलं तर? म्हणतील, हे लोक भाड्याच्या गाडीत फुलं कोंबतात."

काकू चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हार कुठून आणला असेल रे मी? मला झेंडू इथे दिसलाच नाही कुठे." थोड्या वेळाने त्याहून हळू, "का मीच केलं असेल? हल्ली राहत नाही माझ्या लक्षात."

ते ऐकून माझ्या हातातून पाइप सुटला. पाणी त्यांच्या पायांपर्यंत गेलं. नितीन मला जर्मनमध्ये म्हणाले, "असू दे." मी खाली बघून पाइप उचलला. त्यांची गाडी सुरू झाली आणि गेली. दहा पावलं होती. मराठीत एक वाक्य बोलायचं होतं. मी नाही बोलले. ही गोष्ट मंडळात मी कोणालाच सांगितलेली नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

आमचे हे दुपारच्या सुट्टीत घरी येत. त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"गप्प राहा," हे म्हणाले. "चारशे युरो त्यांना काहीच नाहीत. तुझी नोकरी गेली तर खोलीचं भाडं माझ्या एकट्याच्या पगारात निघायचं नाही."

"पैशाचं नाही हो. त्या बाई स्वतःवरच संशय घ्यायला लागल्या."

"तुझी कोण लागते ती?"

"कोणी नाही."

हे जेवत राहिले. ताट संपल्यावर म्हणाले, "दसऱ्याला फोटो काढला होतास ना? बहिणीला पाठवायला?"

"हो."

"मग तोच दाखव. तुला जर्मनमध्ये सांगता यायचं नाही."

सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन मी फोन शेफच्या टेबलावर ठेवला. फोटोत सात नंबरचं छप्पर, क्लीमावर हार, कोपऱ्यात माझी सावली. खाली तारीख होती. शेफनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"तू?"

"मी."

"का?"

मला जर्मन शब्द सुचेनात. मी म्हटलं, "वर्षातून एक दिवस. कामाच्या वस्तूला दांके म्हणतो आम्ही."

"आणि छपरावर का?"

"तुम्हाला दिसू नये म्हणून."

ते खुर्चीत मागे टेकले. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत होता.

"योर्गला उघडायला तूच लावलंस," ते म्हणाले. "बोलली नसतीस तर मी नवं बसवलं असतं, जुनं भंगारात गेलं असतं, आणि हे कोणालाच कळलं नसतं. तुला तेव्हा माहीत होतं?"

"नाही."

"माहीत असतं तर बोलली असतीस?"

मी खूप विचार केला. मग "माहीत नाही" म्हटलं.

"गेनाऊ," ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. "हे खरं बोललीस." मग त्यांनी कागदावर आकडे मांडले. यंत्र तेच राहिलं, त्याचे दोन हजार वाचले. फळी आणि गादीचा खर्च शेफचा. योर्गच्या मजुरीतली अर्धी माझ्या पगारातून. नोकरी राहील. "त्यांचे उरलेले चारशे परत करायचे. पण त्यांना मी सांगणार नाही. तू सांगायचंस. तुमच्या भाषेत."

ते मला पगार कापण्यापेक्षा अवघड होतं.

पुढच्या शनिवारपर्यंत मी गाड्या पुसत पुसत ती वाक्यं जुळवत होते. रिकाम्या गाडीत आरशापुढे म्हणून बघायचे. तोंडातून आवाज निघायचा नाही, नुसते ओठ हलायचे. आरशामागे खिडकीत ढग सरकत असायचे आणि मला वाटायचं, मी बोलतेय ते पाण्याखालून बोलतेय. योर्गनी तोवर वाट साफ केली, नवी फळी बसवली. क्लीमा लावून मी तासभर खाली बसले. बाहेर छपराच्या कडेवरून पाणी टपटप जमिनीवर पडत होतं, जिथे पडायला हवं तिथे. आत काही नाही.

शनिवारी शेफनी बोलावलं म्हणून तिघंही आले. नितीन आधीच चिडलेले. "आता आणखी काय कापणार?" ते केतकीला म्हणत होते. मी मोजे काढून खिशात घातले, झगा काढून ठेवला आणि त्यांच्यासमोर गेले.

"काकू," मी म्हटलं, "तो हार मी घातला होता."

"तुम्ही मराठी आहात?" केतकी म्हणाली.

"हो. कराडकडची. आदल्या दसऱ्याला घातला. अक्षताही माझ्याच. काकूंनी काही केलेलं नाही. त्या दिवशी तुमचं सगळं बोलणं मी ऐकलं आणि गप्प राहिले. चुकलं माझं." जुळवलेली वाक्यं यापेक्षा खूप होती. एवढीच निघाली.

नितीनचा चेहरा लाल झाला. ते माझ्यावर ओरडतील असं वाटलं. पण ते आईकडे वळले आणि तिच्याकडेही त्यांना बघवेना.

काकू पुढे आल्या. "एवढ्या वर चढलीस?" त्या म्हणाल्या. "एकटी?"

"हो."

"पडली असतीस म्हणजे?" मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ. झेंडू इथे मिळतो."

केतकीला हसू आलं. नितीननाही आलं, पण त्यांनी ते दाबलं.

शेफना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते टेबलामागे लिफाफा घेऊन उभे होते. पन्नासाच्या आठ नोटा काढून त्यांनी नितीनपुढे सरकवल्या. नितीननी हात लावला नाही. नोटा उचलून आईच्या हातात दिल्या.

"आई, तू मोज."

काकूंनी अंगठा जिभेला लावला आणि सावकाश, मोठ्याने, मराठीत मोजायला सुरुवात केली. पन्नास, शंभर, दीडशे. शेफ, केतकी, नितीन आणि मी, चौघंही त्यांच्या बोटांकडे बघत होतो. चारशेवर त्या थांबल्या, नोटांच्या कडा जुळवल्या आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, "आले सगळे परत."